चित्रफितीवरील व्याख्याने : ऐकावे कसे, हे विद्यार्थ्याला ठरवू द्यावे

महाविद्यालयाच्या तासाला प्राध्यापक एकदा बोलून गेले की ते बोलणे संपत असे. ज्याने वहीत उतरवून घेतले त्याच्याजवळ ते थोडेफार राहिले. जो उशिरा पोहोचला, ज्याला मागच्या बाकावर नीट ऐकू आले नाही, किंवा ज्याला त्या दिवशी कामावरून सुटी मिळाली नाही, त्याचा तो तास कायमचा बुडाला. आता ही स्थिती पालटली आहे. व्याख्यान चित्रफितीवर घेतले जाते, मोबाईलवर मिळते आणि पुन्हापुन्हा ऐकता येते. २०२० सालच्या टाळेबंदीत तर शाळा-महाविद्यालयांचे शिकविणेच काही काळ या मार्गाने झाले, आणि तेव्हापासून मुद्रित व्याख्याने आपल्या अभ्यासाचा नित्याचा भाग झाली आहेत.

परंतु व्याख्यान मुद्रित झाले म्हणजे ते विद्यार्थ्याच्या हाती आले, असे आपोआप होत नाही. पुष्कळदा असे दिसते की, शिक्षक पन्नास मिनिटांची चित्रफीत पाठवितात आणि ती पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत, ठरलेल्या दिवशी, त्याच वेगाने पाहिली पाहिजे असा नियम घालतात. काही ठिकाणी तर किती मिनिटे पाहिले यावरच हजेरी मांडली जाते. म्हणजे साधन नवे आले, परंतु वर्गाची जुनी अडचण जशीच्या तशी त्यात भरली गेली. याउलट काही ठिकाणी नुसता व्याख्यानांचा ढीग विद्यार्थ्यापुढे टाकला जातो आणि पुढचे त्याचे त्याने पाहावे असे मानले जाते. या दोन्ही टोकांच्या मधला मार्ग कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

हा प्रश्न आपल्या दृष्टीने लहान नाही. एका खोलीत पाच-सहा माणसे, घरात एकच मोबाईल, दिवसा नोकरी किंवा घरकाम, आणि घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारी पहिलीच पिढी, अशा स्थितीत शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या आजही मोठी आहे. अशा विद्यार्थ्याला शिकवणीवर्गाची फी परवडत नाही. चुकलेला तास भरून काढण्याचे त्याच्याजवळचे साधन पुष्कळदा एवढेच असते. ते त्याच्या सोयीने वापरता आले तर त्याचे वर्ष वाचते. ते वापरता आले नाही, तर तो मागे पडतो आणि दोष मात्र त्याच्या आळसाला दिला जातो.

१. थोडा पूर्वेतिहास

दूर राहून शिकणाऱ्यांसाठी व्याख्याने प्रसारित करण्याचा मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. तेथील ओपन युनिव्हर्सिटीला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत तिचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. बीबीसीच्या आकाशवाणीवरून व दूरचित्रवाणीवरून त्यांचे पाठ प्रसारित होत. यात एक उणीव लवकरच जाणवली. पाठ ज्या वेळी लागेल त्याच वेळी तो ऐकणे भाग असे. मध्येच थांबविता येत नसे, मागे नेता येत नसे. पुढे ध्वनिफिती, म्हणजे कॅसेट, घरोघर पाठविण्यात येऊ लागल्या आणि विद्यार्थ्यांना त्या आकाशवाणीपेक्षा अधिक पसंत पडल्या. त्या विद्यापीठातील संशोधक टोनी बेट्स यांनी १९८० च्या दशकात या फरकाचे मर्म एका शब्दात मांडले : नियंत्रण. कॅसेट विद्यार्थ्याला थांबविता येते, उलटी फिरविता येते, पुन्हा ऐकता येते. बोलणारा तोच, मजकूरही तोच. परंतु सूत्र ऐकणाऱ्याच्या हाती आल्यामुळे शिकण्याचा प्रकार बदलला. बीबीसीवरील या पाठांचे प्रसारण २००६ च्या डिसेंबरात संपले, कारण तोपर्यंत इतर साधने आली होती.

आपल्याकडेही हाच प्रवास झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम १५ ऑगस्ट १९८४ पासून दूरदर्शनवर सुरू झाला. त्याच वर्षी पुण्यात शालेय कार्यक्रम तयार करणारी ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली. ती २०१७ मध्ये बंद झाली. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. २००३ पासून आयआयटी व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ ही योजना हाती घेतली आणि त्यांच्या प्राध्यापकांची व्याख्याने सर्वांना विनामूल्य खुली झाली.

९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयम्’ व ‘स्वयंप्रभा’ या दोन योजनांचा औपचारिक प्रारंभ झाला. ‘स्वयम्’ हे इंटरनेटवरील अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आहे. ‘स्वयंप्रभा’मध्ये त्या वेळी ३२ शैक्षणिक वाहिन्या होत्या आणि प्रत्येक वाहिनीवर रोज किमान ४ तासांचा नवा कार्यक्रम दाखवून तोच दिवसातून आणखी ५ वेळा दाखविण्याची व्यवस्था आखली होती. विद्यार्थ्याने आपल्या सोयीची वेळ निवडावी, हा त्यामागील उघड हेतू होता. एकदाच लागणारा पाठ, पुन्हापुन्हा लागणारा पाठ आणि हवा तेव्हा लावता येणारा पाठ, अशा या तीन पायऱ्या झाल्या. प्रत्येक पायरीवर विद्यार्थ्याच्या निवडीला थोडी अधिक जागा मिळत गेली.

२. निवड कशाकशाची?

‘विद्यार्थ्याला निवड द्यावी’ असे म्हटल्याने काम भागत नाही. नेमकी कोणत्या गोष्टीची निवड, हे वेगवेगळे करून पाहिले पाहिजे.

(अ) वेळेची निवड. ही सर्वांत साधी निवड होय. मुंबईतील सकाळची महाविद्यालये आणि रात्रशाळा नोकरी करणाऱ्यांच्या याच गरजेतून वाढल्या. रात्रपाळी करून आलेल्या मुलाला सकाळी नऊ वाजता चित्रफीत पाहण्याची सक्ती करण्यात काहीच अर्थ नाही. आठवड्याच्या आत केव्हाही ऐकावे, एवढी मुभा पुरेशी असते.

(आ) वेगाची व थांबण्याची निवड. मायर व चँडलर या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी आहे. वीज कशी पडते, याचे सचित्र स्पष्टीकरण त्यांनी लहान लहान तुकड्यांत पाडले. एका गटाला ते सलग दाखविले. दुसऱ्या गटाला प्रत्येक तुकड्यानंतर थांबून, आपण तयार झालो की बटण दाबून पुढे जाण्याची मोकळीक दिली. मिळालेले ज्ञान नव्या प्रश्नाला लावून दाखविण्यात दुसरा गट सरस ठरला. अवघड विषयात मनाला श्वास घेण्यासाठी जागा लागते, असाच याचा अर्थ.

वेग वाढविण्याविषयीही अभ्यास झालेला आहे. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुप्पट वेगापर्यंत ऐकणाऱ्यांच्या आकलनात फारसा फरक पडला नाही. त्यापुढे मात्र ते घसरले. परंतु आपल्या विद्यार्थ्यांनी हा निष्कर्ष जपून घ्यावा. व्याख्यान इंग्रजीत आणि शिक्षण मराठीत झालेले असेल, तर ऐकणाऱ्याला शब्द ओळखण्याचे आणि अर्थ लावण्याचे अशी दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. त्याने वेग वाढविण्याऐवजी प्रसंगी कमी करावा, आणि त्यात कमीपणा मानू नये. ४५ मिनिटांचे व्याख्यान पाऊणपट वेगाने ऐकल्यास ६० मिनिटे लागतात. ही १५ मिनिटे वाया जात नाहीत.

(इ) रूपाची निवड. पाहावे, नुसते ऐकावे, की लेखी उतारा वाचावा? एनपीटेलच्या पुष्कळ व्याख्यानांचे लेखी उतारे मिळतात आणि त्यांतील काहींची मराठीसह भारतीय भाषांत भाषांतरेही झाली आहेत. ज्याचे वाचन जलद आहे त्याला उतारा वाचून हवा तेवढाच भाग पाहता येतो. जिला स्वयंपाक करताना हात मोकळे नाहीत, तिला ऐकता येते. ज्याला ऐकू कमी येते, त्याला पडद्याखालच्या ओळींवाचून गत्यंतर नाही. या ओळी इतरांनाही उपकारक ठरतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मॉर्टन अॅन गर्न्सबाखर यांनी २०१५ मध्ये शंभराहून अधिक अभ्यासांचा आढावा घेऊन हेच दाखवून दिले आहे. परक्या भाषेत ऐकणाऱ्यांचा त्यांत विशेष समावेश होतो.

रूपाच्या निवडीत पैशाचाही प्रश्न आहे. साधा हिशेब करून पाहू. बोलणे स्पष्ट ऐकू येईल अशा ६४ किलोबिट प्रतिसेकंद दराने एक तासाचे ध्वनिमुद्रण केले, तर ते सुमारे २९ मेगाबाइट भरते. तेच व्याख्यान ५०० किलोबिट दराच्या चित्रफितीत सुमारे २२५ मेगाबाइट भरते. म्हणजे जवळजवळ आठपट. ज्याच्या मोबाईलचा डेटा घरातील तिघे मिळून वापरतात, त्याला शिक्षकाने नुसती ध्वनिफीत दिली तरी मोठी सोय होते.

(ई) क्रमाची निवड. व्याख्यान सुरुवातीपासूनच ऐकले पाहिजे असे नाही. काहींना आधी शेवटचे प्रश्न पाहून मग ऐकणे सोपे जाते, कारण कान कशासाठी टवकारायचे हे त्यांना ठाऊक असते. ज्याला पहिला भाग येतो त्याने तो सोडून द्यावा. मात्र यासाठी व्याख्यानाचे भाग पाडलेले असावेत आणि कोणता मुद्दा कितव्या मिनिटाला आहे याची यादी सोबत असावी. अशी यादी नसेल तर क्रमाची निवड कागदावरच राहते. भाग लहान असावेत, यालाही आधार आहे. २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील ६९ लाख वेळा पाहिल्या गेलेल्या चित्रफितींच्या नोंदी तपासण्यात आल्या. त्यात असे आढळले की, चित्रफीत कितीही लांब असली तरी ती एका बैठकीत पाहण्याचा मध्यवर्ती काळ ६ मिनिटांच्या पुढे जात नाही.

(उ) प्रतिसादाची निवड. ऐकून झाल्यावर विद्यार्थ्याने काय करावे? कोणी टिपण काढील, कोणी आकृती काढील, कोणी तोंडी सारांश सांगेल, कोणी सरळ प्रश्न सोडवील. यांपैकी काहीही चालेल. परंतु काहीतरी केलेच पाहिजे. रोडिगर व कार्पिकी यांचा २००६ चा प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. एक उतारा वाचून झाल्यावर एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्यानंतरच्या परीक्षेत मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के आणि पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले. तीच चित्रफीत तीनदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हे आकडे ध्यानात ठेवावेत.

(ऊ) सोबतीची निवड. एकट्याने ऐकावे की दोघा-चौघांनी मिळून? एका मोबाईलवर तिघांनी ऐकले, मध्ये थांबवून एकमेकांना विचारले, तर डेटा एकाचा आणि लाभ तिघांचा होतो. परंतु काहींचे लक्ष घोळक्यात उडते. त्यांना एकटे बसू द्यावे.

३. निवडीच्या मर्यादा

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की, मग सर्वच विद्यार्थ्यावर सोपवावे. तसे आम्हांस म्हणावयाचे नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या इंटरनेटवरील अभ्यासक्रमांत नाव नोंदविणारे असंख्य असतात, परंतु शेवटपर्यंत जाणारे फार थोडे असतात, हे जगभर दिसून आले आहे. ‘केव्हाही पाहता येईल’ याचा पुढे ‘परीक्षेच्या आदल्या रात्री पाहू’ असा अर्थ होतो, आणि एका रात्रीत बारा व्याख्याने डोळ्यांखालून जातात, डोक्यात मात्र शिरत नाहीत.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. चांगला वक्ता सफाईने बोलत असला की आपल्याला सर्व समजले असे वाटते. ऐकताना मान डोलविणे आणि स्वतः उत्तर मांडता येणे यांत अंतर आहे. म्हणून आपल्याला किती कळले, याचा निवाडा नुसत्या वाटण्यावर सोडू नये. त्यासाठी मधूनमधून प्रश्न हवेत. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संख्याशास्त्रावरील २१ मिनिटांच्या चित्रफितीचे चार भाग केले होते. प्रत्येक भागानंतर ज्यांना छोटी चाचणी दिली, त्यांचे मन भरकटण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहूनही कमी आढळले. त्यांची टिपणे अधिक झाली आणि शेवटच्या परीक्षेतही ते पुढे राहिले.

तिसरी गोष्ट म्हणजे एक गैरसमज. ‘मी पाहून शिकणारा, तो ऐकून शिकणारा’ अशी माणसांची विभागणी अनेक जण करतात. २००८ मध्ये पॅश्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यासंबंधीचे संशोधन तपासले, तेव्हा अशा विभागणीप्रमाणे शिकविल्याने लाभ होतो याला पुरेसा पुरावा नाही, असे त्यांना आढळले. म्हणून निवड द्यावयाची ती माणसावर शिक्का मारण्यासाठी नव्हे. आज घरी पाहुणे आहेत म्हणून वाचावे, उद्या आकृती समजून घ्यावयाची आहे म्हणून पाहावे, परवा उजळणी म्हणून नुसते ऐकावे. निवड विषयाप्रमाणे आणि परिस्थितीप्रमाणे बदलत राहिली पाहिजे.

तेव्हा मध्यममार्ग असा : काय शिकावयाचे, कोणत्या तारखेपर्यंत शिकावयाचे आणि ते आले की नाही हे कसे पडताळावयाचे, या तीन गोष्टी ठाम असाव्यात. तेथवर कसे पोहोचावे, हे विद्यार्थ्याने निवडावे. एनपीटेलच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांत ही विभागणी स्पष्ट दिसते. तेथे साप्ताहिक स्वाध्यायांना २५ टक्के आणि अंतिम परीक्षेला ७५ टक्के वजन दिले जाते. व्याख्यान किती मिनिटे पाहिले, याला गुण नाहीत. कोणी पाहो, कोणी उतारा वाचो, स्वाध्याय मात्र मुदतीत द्यावाच लागतो.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क या गावी रसायनशास्त्र शिकविणारे जोनाथन बर्गमन व अॅरन सॅम्स या दोन शिक्षकांनी २००७ पासून आपली व्याख्याने चित्रफितीवर घेऊन मुलांना घरी पाहण्यास दिली आणि वर्गातील वेळ उदाहरणे व प्रयोग यांसाठी मोकळा केला. पुढे त्यांनी विद्यार्थ्यांना आपापल्या गतीने पुढे जाऊ दिले. मात्र एक घटक आल्याचे दाखविल्याशिवाय दुसऱ्या घटकाकडे जाता येत नसे. गती मोकळी आणि पडताळणी पक्की, हेच सूत्र तेथेही आढळते.

४. एक नमुना पाठ : राज्यघटनेचे कलम ३२

हे सर्व प्रत्यक्षात कसे उतरावे, यासाठी एक नमुना घेऊ. समजा, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना ‘घटनात्मक उपाययोजनेचा हक्क’ या विषयावरील ४५ मिनिटांचे व्याख्यान दिलेले आहे. घटनेच्या तिसऱ्या भागात कलम १२ ते ३५ मध्ये मूलभूत हक्क आलेले आहेत. त्यांचा भंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्याचा हक्क कलम ३२ देते, आणि हा हक्क स्वतःच एक मूलभूत हक्क आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत या तरतुदीला घटनेचा आत्मा व हृदय म्हटले होते. उच्च न्यायालयांना कलम २२६ खाली असाच अधिकार आहे. तो मूलभूत हक्कांपुरताच मर्यादित नसून इतर कारणांसाठीही वापरता येतो, म्हणून त्या अर्थाने अधिक व्यापक आहे.

शिक्षकाने प्रथम उद्दिष्ट सांगावे : आठवड्याअखेर विद्यार्थ्याला पाच प्राधिलेखांचा उपयोग उदाहरणासह सांगता आला पाहिजे आणि कलम ३२ व २२६ यांतील फरक मांडता आला पाहिजे. बंदीप्रत्यक्षीकरण, परमादेश, प्रतिषेध, उत्प्रेषण आणि अधिकारपृच्छा हे ते पाच प्राधिलेख. मग व्याख्यानाचे भाग, त्यांची मिनिटे, लेखी उतारा, ध्वनिफीत आणि चार प्रश्न एकत्र द्यावेत. यानंतर तीन वाटा खुल्या आहेत.

पहिली वाट, पाहण्याची. विद्यार्थी चित्रफीत भागाभागाने पाहतो. प्रत्येक भागानंतर ती थांबवून, पडद्याकडे न पाहता, दोन ओळी लिहितो. व्याख्यान दीडपट वेगाने पाहिले तर ४५ मिनिटांऐवजी ३० मिनिटे लागतात. उरलेली १५ मिनिटे या लिहिण्यासाठी वापरावीत.

दुसरी वाट, वाचण्याची. विद्यार्थिनीला मोबाईल रात्री दहानंतरच मिळतो. ती दिवसा छापील उतारा वाचते, न कळलेल्या ओळींखाली रेघ मारते आणि रात्री यादीतील मिनिटे पाहून तेवढाच भाग ऐकते. समजा, तिला प्रतिषेध आणि उत्प्रेषण यांत गोंधळ वाटला. तर ती तेवढी सात-आठ मिनिटेच लावते. कनिष्ठ न्यायालय अधिकाराबाहेर जात असताना त्याला थांबविणे म्हणजे प्रतिषेध. त्याने दिलेला आदेश रद्द करण्यासाठी प्रकरण वर मागविणे म्हणजे उत्प्रेषण. हा फरक तिने आपल्या शब्दांत लिहिला की तिचे काम झाले.

तिसरी वाट, मिळून ऐकण्याची. तिघे मित्र रविवारी अभ्यासिकेत बसतात, ध्वनिफीत ऐकतात, आणि प्रत्येक प्राधिलेखासाठी एकाने प्रसंग सांगावा व दुसऱ्याने नाव ओळखावे असे ठरवितात. ‘पोलिसांनी एकाला बेकायदा डांबून ठेवले आहे’ : बंदीप्रत्यक्षीकरण. ‘कायद्याने बंधनकारक असलेले काम अधिकारी करीत नाही’ : परमादेश. ‘पात्रता नसताना एक जण सार्वजनिक पदावर बसला आहे’ : अधिकारपृच्छा.

तिन्ही वाटांच्या शेवटी चार प्रश्न तेच, मुदत तीच आणि तपासणीही तीच. कोणी कोणती वाट घेतली, हे शिक्षकाने जरूर विचारावे. त्यावरून गुण देऊ नयेत. वाट चुकीची ठरली तर पुढच्या आठवड्यात दुसरी घेण्यास सांगावे. आपल्याला काय मानवते, हे विद्यार्थ्याला अशा चार-सहा अनुभवांतूनच कळते.

५. मंडळांनी व वडीलधाऱ्यांनी करावयाचे

यासाठी मोठा निधी लागत नाही. अभ्यासिका चालविणाऱ्या मंडळांना पुढील गोष्टी सहज करता येतील. एका संगणकावर उपयुक्त व्याख्याने नियमांच्या मर्यादेत उतरवून ठेवावीत, म्हणजे विद्यार्थ्यांचा डेटा वाचेल. कानाला लावावयाची यंत्रे, म्हणजे हेडफोन, चार-सहा घेऊन ठेवावीत. महत्त्वाच्या व्याख्यानांचे उतारे छापून फाईलमध्ये लावावेत. ज्येष्ठ विद्यार्थ्यांनी व्याख्यानांची मिनिटवार मराठी सूची तयार करावी. सूची करणाऱ्याचाही त्यातून अभ्यास होतो. आठवड्यातील एक ठराविक वेळ फक्त प्रश्नोत्तरांसाठी राखावी.

घरातील वडीलधाऱ्यांना एक विनंती आहे. मुलगी कानाला हेडफोन लावून भाकऱ्या करीत असेल, तर ती गाणीच ऐकते असे धरू नये. आणि मोबाईल मुलाच्या हाती जितका वेळ जातो तितकाच तो मुलीच्याही हाती जावा. वेळ निवडण्याचा अधिकार कागदावर दिला आणि मोबाईलच दिला नाही, तर त्या अधिकाराला काही किंमत उरत नाही.

६. विद्यार्थ्यांनी स्वतःला विचारावयाचे प्रश्न

१) या व्याख्यानातून मला नेमके काय आले पाहिजे, हे मी ऐकण्यापूर्वी एका वाक्यात लिहिले आहे काय?
२) मी पाहणार, ऐकणार की वाचणार, आणि ते का?
३) मी कोठे कोठे थांबणार आहे?
४) ऐकून झाल्यावर वही-मोबाईल बाजूला ठेवून मला पाच मुद्दे सांगता येतात काय?
५) जे सांगता आले नाही, तो भाग कितव्या मिनिटाला आहे?
६) एका आठवड्याने मी हे पुन्हा केव्हा आठवून पाहणार?

विद्यार्थी बंधुभगिनींनो, या सहा प्रश्नांची उत्तरे वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि निदान चार व्याख्यानांना लावून पाहा. कोणत्या मार्गाने तुमची प्रश्नांची उत्तरे अधिक बरोबर येतात, याची नोंद ठेवा. मग पुढच्या व्याख्यानाला कोणता मार्ग घ्यावा, हे दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज उरणार नाही. शिक्षकांनी उद्दिष्ट आणि पडताळणी यांवर लक्ष ठेवावे, मंडळांनी साधने पुरवावीत आणि विद्यार्थ्यांनी दिलेली मोकळीक मुदतीत कामी लावावी. एवढे झाले तर बुडालेला तास खरोखरच परत मिळू शकेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.